पाठीवरची खडूची रेघ

आयर्लंडच्या दक्षिणेकडे, मन्स्टर प्रांतातल्या खेड्यापाड्यांत, लेंटच्या पहिल्या रविवारी मिस्सेला आलेली काही माणसे शक्यतो भिंतीला पाठ लावून उभी राहत. लेंट म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ. तो लागण्याआधी ज्यांचे लग्न व्हायला हवे होते आणि झाले नव्हते, अशी ही माणसे. गर्दीत संधी साधून पोरे त्यांच्या कोटावर, शालीवर मागून खडूची रेघ ओढत आणि पसार होत. त्या दिवसाला नावच पडले होते ‘खडूचा रविवार’. पश्चिमेच्या कॉनॉट प्रांतात खडूच्या जागी मीठ होते. लेंटच्या पहिल्या सोमवारी अविवाहितांच्या अंगावर मीठ टाकायचे. का, तर पुढच्या लग्नसराईपर्यंत ते नासू नयेत, टिकावेत. आयरिश ग्रामीण लग्नांविषयी लिहिणारे बहुतेक जण या गोष्टी शेवटी, गमतीची पुरवणी म्हणून देतात. आधी येते ती घोड्यांवरची वरात, उंबऱ्यात नवरीच्या डोक्यावर मोडलेली ओटची भाकरी, फिडल आणि व्हिस्की. मला हा क्रम उलटा करावासा वाटतो. या लग्नांतले सर्वांत गाजलेले आणि सर्वांत गोंगाटाचे रिवाज नवरानवरीच्या हातचे नव्हतेच. ज्यांचे लग्न होत नव्हते त्यांच्याभोवती, नाहीतर त्यांच्याच हातून, ते पार पडत. आणि एकोणिसाव्या शतकात अशा माणसांची संख्या ज्या कारणांनी वाढली, त्याच कारणांनी आज ‘प्राचीन केल्टिक विवाहप्रथा’ म्हणून दाखवले जाणारे चित्र घडवले आहे.

आधी मुहूर्ताचे पाहू. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली कॅथलिक लग्नसोहळ्यांना दोन काळ वर्ज्य ठरवले: नाताळपूर्वीच्या अ‍ॅडव्हेंटपासून ६ जानेवारीच्या एपिफनीपर्यंत, आणि लेंट सुरू करणाऱ्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरनंतरच्या आठवड्यापर्यंत. दोन्हींची बेरीज वर्षाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी भरते. उरलेल्या नऊ महिन्यांना चर्चची काहीच हरकत नव्हती. तरीही आयरिश कॅथलिक शेतकऱ्यांची लग्ने ६ जानेवारी ते लेंटच्या आदल्या मंगळवारपर्यंत, म्हणजे ‘श्रोव्ह’च्या दिवसांत, दाटीवाटीने उरकली जात, आणि तो शेवटचा मंगळवार सर्वांत गर्दीचा असे. गोव्यात ज्या दिवसांत कार्निव्हलचा इंत्रूज चालतो, तेच हे दिवस. ईस्टर मागेपुढे सरकत असल्यामुळे हा मंगळवार ३ फेब्रुवारी ते ९ मार्च यांमध्ये कधीही येतो. म्हणजे लग्नसराई एखाद्या वर्षी चार आठवड्यांची, तर एखाद्या वर्षी नऊ आठवड्यांची. १८६४पासून कॅथलिक लग्नांची सरकारी नोंद होऊ लागली, तेव्हा ही गर्दी आकड्यांतही उतरली. नेहमीचे स्पष्टीकरण असे की हिवाळ्यात शेतकरी मोकळा असतो. खरे आहे, पण मोकळा तो नोव्हेंबरातही असे. पीक घरात आलेले, जनावरांच्या बाजाराचे पैसे हातात आलेले, आणि अ‍ॅडव्हेंट लागायला अवकाश. नोव्हेंबर मात्र लग्नांचा महिना झाला नाही. धर्माने तीन महिने बंद केले होते, लोकांनी आपणहून आणखी सात बंद केले. कारण मला असे दिसते की अंतिम तारीख ठरल्याखेरीज मागे कोण राहिले ते मोजता येत नाही, आणि या समाजाला ती मोजदाद हवी होती.

पण असे का व्हावे हे समजायला त्याआधीची स्थिती माहीत हवी. तिच्याविषयीचा सर्वांत बोलका पुरावा १६८२ सालचा आहे. सर हेन्री पिअर्स या जमीनदाराने वेस्टमीथ काउंटीचे वर्णन लिहिले. ते छापून आले १७७० साली. गुरांनी संपन्न अशा भागातल्या लग्नाबद्दल तो सांगतो की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी दोन घरांच्या मध्यावर एखाद्या टेकडीच्या उतारावर भेटत. सोयरीक जुळली की व्हिस्कीची बाटली हातोहात फिरे. त्या बाटलीलाच कराराची बाटली म्हणत. मुलीकडून द्यायचा हुंडा गाईंच्या संख्येत ठरे, आणि त्याची फारशी चिंता कुणी करत नसे. मुलीचा बाप शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे, आप्तांकडे निरोप धाडी, प्रत्येक जण एखादी गाय किंवा कालवड देई, या भरवशावर की आपल्या घरच्या लग्नात हीच परतफेड होईल. मात्र नवऱ्याकडून हमी घेतलेली असे: ठरलेल्या मुदतीत मुलगी निपुत्रिक वारली, तर प्रत्येकाचे जनावर ज्याचे त्याला परत. पुन्हा पुन्हा लग्ने करून कुणी गबर होऊ नये याची ही तजवीज आहे, असा शेराही पिअर्स मारतो. नवरी आणायच्या दिवशी नवऱ्याकडचे स्वार तिच्या वऱ्हाडाला सामोरे जात आणि लांबून आखूड भाले फेकत. सहसा कुणाला इजा होत नसे, तरी हाउथच्या लॉर्डचा एक डोळा अशाच प्रसंगी गेला, ही आठवण त्याच्या काळात ताजी होती.

भालेफेकीचे वर्णन सगळे उद्धृत करतात, मला गाईंचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. इथे हुंडा एका घराचा नाही, सगळ्या पंचक्रोशीचा आहे. ज्या शेजाऱ्याची कालवड त्या कळपात गेली, त्याचा त्या लग्नात शब्दशः वाटा होता. तो लग्नाला आला तर बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. पिअर्सवर आक्षेप घेता येतो: तो इंग्रज वसाहतवाल्या घराण्यातला, आयरिश लोकांच्या चालीरीती कुतूहलाने आणि थोड्या वरच्या सुरात पाहणारा, शिवाय एकाच काउंटीचे वर्णन देशभर कसे लागू करायचे? दुसरा भाग मान्य. म्हणून मी त्याचे वर्णन सगळ्या आयर्लंडचे मानत नाही, गुरे हीच जिथे संपत्ती होती अशा भागाचे मानतो. पहिल्या भागाबद्दल एवढेच म्हणता येईल की वरच्या सुरात पाहणारा माणूस भाल्यांच्या गोष्टी रंगवील, पण वांझ मेलेल्या मुलीमागे कुणाची कालवड कुणाकडे जायची हे कलम तो कल्पनेने रचणार नाही. असली कलमे व्यवहारातूनच येतात.

अठराव्या शतकात लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि ग्रामीण आयर्लंडमध्ये लग्नाच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी नांदू लागल्या. बऱ्यापैकी जमीन कसणारे शेतकरी सोयरीक जुळवून, हुंडा ठरवून, उशिराने लग्न करत. भूमिहीन मजूर आणि तुकडाभर जमिनीवर बटाटे लावून जगणारे कुळवाडी लवकर करत. त्यांच्याकडे वाटून द्यायला काही नव्हते, राखायलाही नव्हते. १८३३ ते १८३६ या काळात सरकारने नेमलेल्या गरिबीच्या चौकशीपुढे साक्षीदारांनी हेच पुन्हा पुन्हा सांगितले की याहून वाईट अवस्था होणार नाही, म्हणून मजूर लग्न करतो. के. एच. कॉनेल या इतिहासकाराने १९५०च्या आपल्या ग्रंथात बटाट्यामुळे झालेल्या लवकर लग्नांवर लोकसंख्यावाढीचा सगळा भार टाकला. नंतरच्या अभ्यासकांनी तो बराच हलका केला, कारण मजुरांची लग्नेही त्याला वाटली तितक्या कोवळ्या वयात होत नव्हती. तरी दोन वर्गांतला फरक टिकून राहतो. इथे कुणी ब्रायन मेरिमनचे नाव पुढे करील. क्लेअरमधल्या या शाळामास्तराने १७८०च्या सुमारास आयरिश भाषेत रचलेल्या ‘मध्यरात्रीचा दरबार’ या दीर्घकाव्यात बायका परींच्या राणीपुढे फिर्याद मांडतात की तरणे पुरुष लग्न करत नाहीत आणि केलेच तर पैसेवाल्या म्हातारीशी करतात. मग उशिराचे आणि पैशाचे लग्न १८४५च्या बटाट्याच्या दुष्काळानंतरचे कसे म्हणायचे? मेरिमनच्या बायका बोलतात ते शेतकऱ्यांच्या घरांविषयी. ती तऱ्हा जुनीच आहे. नवे एवढेच घडले की पुढच्या शतकात दुसरी तऱ्हा जगणारी माणसेच उरली नाहीत.

१८४५मध्ये बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१च्या जनगणनेत ८१ लाख ७५ हजार असलेली लोकसंख्या १८५१मध्ये ६५ लाख ५० हजारांवर आली, आणि १९११पर्यंत ४३ लाख ९० हजारांवर. एक ते पाच एकरांच्या वहिवाटी १८४१मध्ये ३ लाख १० हजारांच्या घरात होत्या, दहा वर्षांनी ८८ हजार. १८४१ची मोजणी ढोबळ होती, एकराचे मापही सगळीकडे एक नव्हते, त्यामुळे ही दरी आकड्यांत दिसते त्याहून थोडी कमी असावी. पण कोणता वर्ग पुसला गेला याबद्दल शंका राहत नाही. तगून राहिलेल्या शेतकऱ्याने एकच धडा घेतला: जमिनीचे तुकडे करायचे नाहीत. एका मुलाला शेत, एका मुलीला हुंडा, बाकीच्यांना जहाज. १८८१ ते १९०३ या काळातल्या भूसुधारणा कायद्यांनी कुळे हळूहळू मालक झाली, तसे जमिनीचे मोल आणखी वाढले आणि ती कुणाच्या हाती जाते यावरची नजरही अधिक कडक झाली. परिणाम जनगणनेतच आहे. १८४१मध्ये पंचेचाळीस ते चौपन्न वयाच्या लोकांत कधीच लग्न न झालेले दहा-बारा टक्के होते. १९११मध्ये सुमारे पाव हिस्सा. एवढे प्रमाण त्या काळच्या युरोपातही नजरेत भरणारे होते.

या नव्या व्यवस्थेचे सर्वांत बारकाईने केलेले वर्णन कॉनरॅड एरन्सबर्ग आणि सोलन किंबॉल या हार्वर्डच्या दोन मानववंशशास्त्रज्ञांचे आहे. १९३०च्या दशकात ते क्लेअरच्या खेड्यांत राहिले आणि त्यांचे पुस्तक १९४०मध्ये निघाले. जत्रेत किंवा दारूच्या गुत्त्यात मध्यस्थ बोलणे काढी. शेत एकरांत मोजत नसत, ते किती गाईंच्या चाऱ्याचे आहे ते पाहत, आणि हुंड्याचा आकडा त्यावरून चढेउतरे. मग मुलीकडचे ‘जमीन चालायला’ येत: कुंपणे, पाण्याची सोय, दलदल, गोठ्यातली जनावरे, सगळे पायाखालून आणि डोळ्यांखालून घालत. पसंत पडले की तालुक्याच्या गावी वकिलाकडे कागद होई. त्या कागदात शेत मुलाच्या नावे होई आणि म्हाताऱ्या जोडप्याचे हक्क कलमवार लिहिले जात: घरातली पश्चिमेकडची खोली, एका गाईचा चारा, बटाट्यांपुरती जमीन, रविवारी मिस्सेला जायला गाडीत जागा. हुंडा नवरीच्या नावे राहत नसे, नवरदेवाच्या खिशातही जात नसे. तो सासऱ्याकडे जाई, आणि सासरा त्याच पैशांतून आपली मुलगी उजवी किंवा धाकट्याला अमेरिकेला धाडी. अशी एकच रक्कम परगण्यात घरोघर फिरत राही. हिशेबाच्या दृष्टीने व्यवस्था चोख होती, यात वाद नाही. पण पिअर्सच्या काळातल्या हुंड्याशी ताडून पाहिले तर शेजारी त्यातून पार निघून गेलेला दिसतो. आता दोन घरे, एक मध्यस्थ, एक वकील.

आणि ज्यांच्या वाट्याला ना शेत आले ना हुंडा, त्यांचे? १८५१ ते १९२१ या काळात चाळीस लाखांहून अधिक लोक देश सोडून गेले, त्यांत मुली जवळजवळ निम्म्या, बहुतेक अविवाहित. पेग सेअर्सचे उदाहरण या निवडींच्या आतल्या बाजूचे आहे. केरीमधल्या डनक्विनची ही मुलगी लोकांच्या घरी मोलकरीण होती. अमेरिकेला गेलेली मैत्रीण तिकिटाचे पैसे पाठवणार होती. त्या मैत्रिणीला अपघात झाला आणि पैसे आले नाहीत. मग १८९२च्या फेब्रुवारीत, म्हणजे ऐन श्रोव्हच्या हंगामात, पेगचे लग्न ग्रेट ब्लास्केट बेटावरच्या माणसाशी लागले. सोयरीक घरच्या चुलीपुढे एका रात्रीत ठरली होती. १९३६मध्ये आलेल्या तिच्या आत्मकथनात तक्रारीचा सूर फारसा नाही, आणि तो नाही म्हणून तो शोधून काढण्यातही अर्थ नाही. घटनांचा क्रम पुरेसा आहे: जहाज नाही, म्हणून लग्न. जे पुरुष ना गेले ना मालक झाले, ते भावाच्या किंवा बापाच्या शेतावर राबत राहिले. शेत नावावर होईपर्यंत क्लेअरमध्ये त्यांना ‘पोरगा’ म्हणत. पंचेचाळिशीचा माणूसही पोरगाच. खडूची रेघ पडायची ती याच पाठींवर.

आता पेंढ्याच्या पोरांकडे येऊ, कारण माझे म्हणणे सर्वांत जास्त त्यांच्यावर उभे आहे. मेयो, स्लायगो, लीट्रिम, क्लेअर, केरी या भागांत लग्नाच्या रात्री जेवणे उरकली की दार वाजे आणि आठ-दहा अनोळखी आकृती आत येत. डोक्यावर काडाच्या वेण्यांनी विणलेला, पूर्ण चेहरा झाकणारा उंच शंकू, अंगावर पेंढ्याचा झगा किंवा पांढरा सदरा, काहींच्या अंगात बायकांचे कपडे. आवाज बदललेला. त्यांचा म्होरक्या ‘कॅप्टन’ म्हणवून घेई, तो नवरीबरोबर नाचे, बाकीचे इतर मुलींबरोबर. त्यांना प्यायला दिले जाई, मग ते शुभ चिंतून निघून जात. पाहुणचारात कसूर झाली तर मात्र घराला काहीतरी उपद्रव होई. ही सगळी मंडळी म्हणजे त्याच भागातली, लग्नाला न बोलावलेली, अविवाहित तरुण पोरे. मेयोमधल्या टर्लो पार्कला २००१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या ग्रामजीवन विभागात असे पेंढ्याचे वेश जपून ठेवले आहेत. ते जवळून पाहिले की कळते, विणकर कुशल होते. एका रात्रीच्या थट्टेसाठी एवढी मेहनत कुणी घेत नाही. तेच वेश २६ डिसेंबरला रेन पक्ष्याच्या मिरवणुकीत आणि संत ब्रिजिटच्या दिवशीही बाहेर निघत, म्हणजे नाताळपासून श्रोव्हपर्यंतचा सगळा काळ त्यांचाच.

लोकसाहित्याच्या जुन्या अभ्यासकांना या पेंढ्यात धान्याची देवता आणि सुफलनविधी दिसले. तसे असेलही, परंतु हजार वर्षांपूर्वीचा अर्थ १८८०च्या दशकातल्या मेयोच्या पोरांना माहीत होता असे धरून चालता येत नाही, आणि त्यांच्या वागण्याचा उलगडा करायला तो लागतही नाही. त्याहून जवळचा धागा हाताशी आहे. १७६१मध्ये टिपररीत ‘व्हाइटबॉइज’ नावाच्या गुप्त टोळ्या उठल्या: सामायिक कुरणांभोवती घातलेली कुंपणे मोडणाऱ्या, रात्री पांढरे सदरे घालून फिरणाऱ्या, कुठल्यातरी कॅप्टनच्या नावाने धमकीची पत्रे लावणाऱ्या. त्यांच्याच वळणाच्या ‘राइटबॉइज’नी १७८५नंतर मन्स्टरमध्ये कॅथलिक धर्मगुरूंच्या दक्षिणांवरच बहिष्कार पुकारला आणि लग्नाला किती द्यायचे याचे दर स्वतः ठरवून दिले. म्हणजे वेश, रात्र, कॅप्टन आणि लग्नाचा खर्च या चार गोष्टी एकत्र यायला सुफलनदेवतेची गरज पडली नाही. यावर आक्षेप असा की साम्य म्हणजे पुरावा नव्हे. सदरा स्वस्त आणि सर्वांकडे असलेला कपडा होता, पेंढा तर त्याहून स्वस्त. मान्य आहे. लग्नातली पेंढ्याची पोरे म्हणजे टोळ्यांचीच शाखा, असे मी म्हणत नाही. माझा दावा इतकाच की चेहरा झाकून, समूहाने, रात्री दार ठोठावून आपला हक्क मागायची पद्धत या समाजाला ठाऊक होती, आणि दार उघडणाऱ्या यजमानालाही तिचा अर्थ ठाऊक होता. म्हणून तो दार उघडत असे.

ही पोरे दुष्काळाच्या आधीपासून होती, मग दुष्काळानंतरच्या अविवाहितपणाशी त्यांचा संबंध का जोडायचा, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. रिवाज जुना आहे हे नाकारण्यात हशील नाही. विल्यम कार्लटनने १८३०च्या आपल्या कथासंग्रहात रंगवलेले लग्न पाहा: घोड्यांची शर्यत लावून बाटली जिंकणारे तरुण, सगळा गाव जमलेला, धर्मगुरू जेवायला बसलेला. त्या जगात गोंगाट करणारा तरुण दोन-चार वर्षांत स्वतः नवरदेव होणार असे. १८५०च्या थर्ल्सच्या धर्मसभेने लग्ने घराऐवजी चर्चमध्ये लावण्याचा आग्रह धरला, सोहळा हळूहळू सकाळच्या मिस्सेकडे सरकला, आमंत्रितांची यादी आखूड झाली. रिवाज तोच राहिला, तो पाळणाऱ्या माणसाचे भवितव्य मात्र बदलले. वीस वर्षांचा माणूस नवरीबरोबर नाचतो तेव्हा ती थट्टा असते. चाळिशीचा ‘पोरगा’ पेंढ्याआडून नाचतो तेव्हा ती निव्वळ थट्टा राहत नाही. आणि गंमत ही फक्त गंमत असते असे म्हणणाऱ्यांना मी विचारीन की मग नकार दिल्यावर उपद्रव कशासाठी? हक्क नाकारला गेला तरच माणूस तोडफोड करतो.

उलट बाजूने असेही म्हणता येईल की खडू आणि मीठ हे अविवाहितांचे हत्यार नव्हतेच, ते त्यांच्यावर चालवलेले हत्यार होते. समाज लग्नाला उद्युक्त करत होता. मला हे अर्धे पटते. लग्न करणे ज्याच्या हातात आहे त्याला डिवचण्याने काही साधते. पण बाप सत्तरीतही शेत सोडायला तयार नाही, बहिणीचा हुंडा जमलेला नाही, अशा माणसाच्या पाठीवर रेघ ओढून त्याला कशाला उद्युक्त करणार? स्केलिगच्या याद्या याच जातीच्या. केरीच्या किनाऱ्यापासून अकरा-बारा किलोमीटरवर स्केलिग मायकल हे मध्ययुगीन मठाचे खडकाळ बेट आहे. लोकसमजूत अशी की तिथे जुनी कालगणना चालते, लेंट उशिरा लागतो, म्हणून श्रोव्ह चुकलेल्यांना अजून एक संधी मिळते. मठ तर कित्येक शतकांपूर्वी ओस पडला होता. काहींना या समजुतीत सातव्या शतकातल्या ईस्टरच्या तारखेच्या वादाचा अवशेष दिसतो. मला १७५२ जास्त संभाव्य वाटते: त्या वर्षी ब्रिटनबरोबर आयर्लंडमध्येही दिनदर्शिका अकरा दिवसांनी पुढे सरकवली गेली आणि ‘जुनी कालगणना’ हा रोजच्या बोलण्यातला विषय झाला. या समजुतीवरून थट्टेखोर पद्ये रचली जात, ज्यांत गावातल्या खऱ्या अविवाहित पुरुष-बायकांची नावे विजोड जोड्यांत गुंफून त्यांना बेटाच्या काल्पनिक सफरीला धाडले जाई. कॉर्क शहरात एकोणिसाव्या शतकात ती छापून विकली जात. जेम्स बील या चित्रकाराने १८४५ साली तिथल्या साउथ मॉल रस्त्यावरची स्केलिगची रात्र रंगवली आहे. चित्र कॉर्कच्या क्रॉफर्ड कलादालनात आहे. त्या याद्यांत ज्यांची नावे येत त्यांना शरम वाटे, यात संशय नाही. पण त्या रचणारे आणि रस्त्यात दंगा करणारेही बहुतेक लग्न न झालेलेच होते.

इतका सगळा पुरावा जिथून येतो त्या दप्तरांचाही विचार करायला हवा. आयरिश लोकसाहित्य आयोग १९३५मध्ये स्थापन झाला आणि १९३७ ते १९३९ या काळात त्याने सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या जवळपास पन्नास हजार मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडून जुन्या गोष्टी लिहून आणायला लावले. लग्नाच्या चाली हा त्यातला एक विषय होता. मुलांचे हस्ताक्षर, शिक्षकाने दुरुस्त केलेली वाक्ये, आणि जवळजवळ प्रत्येक वहीत श्रोव्ह, मध्यस्थ, हुंडा, पेंढ्याची पोरे. पण हे सांगणारे म्हातारे जन्मले १८५०-६०च्या सुमारास. ‘आमच्यात पूर्वीपासून असेच होते’ असे ते म्हणतात तेव्हा त्यांचे ‘पूर्वी’ दुष्काळानंतर सुरू होते. राष्ट्र नव्याने उभे राहत होते, शेतकरी हाच खरा आयरिश माणूस हे त्याचे तत्त्वज्ञान होते, त्यामुळे जमीनधारक शेतकऱ्याची लग्नपद्धत देशाची सनातन पद्धत म्हणून सहज खपली. तुकड्यावर बटाटे लावून लवकर संसार थाटणाऱ्या मजुराच्या आठवणी लिहून घ्यायला त्याची नातवंडे तिथे नव्हतीच. ती बॉस्टनमध्ये होती.

१९४२मध्ये पॅट्रिक कॅव्हनाच्या ‘द ग्रेट हंगर’ या काव्याने जमिनीला आणि आईला बांधलेला अविवाहित शेतकरी साहित्यात आणला. १९५९मध्ये केरीच्या लिस्टोवेलमध्ये जॉन बी. कीन यांचे ‘साइव्ह’ रंगमंचावर आले, ज्यात मध्यस्थ एका कोवळ्या मुलीचे लग्न म्हाताऱ्या शेतकऱ्याशी लावायचा घाट घालतो. तोपर्यंत व्यवस्था आतून पोखरली गेली होती. मुली डब्लिनला आणि लंडनला नोकरीला जाऊ लागल्या, स्वतः कमावलेल्या पैशाला मध्यस्थ लागेना; १९६०च्या दशकात लग्नाचे वय झपाट्याने खाली आले. १९६५च्या वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हक्काचा वाटा दिला, आणि वकिलाकडच्या त्या जुन्या कागदाचे बरेचसे काम संपले. श्रोव्हची लग्नसराईही ओसरली. आज आयरिश जोडपी उन्हाळा पसंत करतात. क्लेअरमधल्या लिसडूनव्हार्नाला दर सप्टेंबरात सोयरिकींचा उत्सव भरतो आणि त्याची जाहिरात प्राचीन परंपरा म्हणून होते. या गंधकाच्या झऱ्यांच्या गावी कापणीनंतर हातात पैसा असलेले शेतकरी हवापालटाला येत, तिथे ओळखी निघत, ही गोष्ट खरी. लग्ने मात्र श्रोव्हलाच लागत.

जे रिवाज टिकले त्यांची निवडही पाहण्यासारखी आहे. खडू गेला, मीठ गेले, याद्या गेल्या, कारण लग्न न करणे हा गावाच्या हिशेबाचा विषय राहिला नाही. पेंढ्याची पोरे मात्र गेल्या काही दशकांत परत आली: मेयो-स्लायगोकडच्या लग्नांत, हॉटेलच्या दिवाणखान्यात, ऐन जुलैमध्ये ती तसेच शंकू घालून नाचतात. फरक एवढाच की बहुतेक वेळा घरच्याच कुणीतरी त्यांना आधी कळवून, वेळ ठरवून बोलावलेले असते, आणि दार न उघडल्यास काय होईल हा प्रश्न कुणालाच पडत नाही.